खोलायला गन, आवळायला हात

मिस्त्रींचा खांदा गेला तो एका टेंपोच्या मागच्या चाकावर.

नट गंजून घट्ट बसला होता. मिस्त्रींनी नेहमीसारखा पान्याच्या दांड्याला लांब पाइप घातला, दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकून खाली ओढला. नट जागचा हलला नाही. हललं ते खांद्यातलं काहीतरी. मिस्त्री पाइप सोडून तिथेच तेलकट मातीत बसले.

त्यांची थोरली लेक गाडीच्या पलीकडच्या बाजूला होती. ती धावत आली. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. पाणी दे."

तिने पेला पुढे केला. मिस्त्रींचा उजवा हात अर्ध्यावर आला आणि खाली पडला. मग त्यांनी डाव्या हाताने पेला घेतला. उरलेले नट थोरलीने पाइपवर चढून, उड्या मारून खोलले. टेंपोचा ड्रायव्हर बिडी ओढत बघत होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "पोरीला झोका करून दिलात की!"

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. जड ओढायचं नाही, वर उचलायचं नाही. "किती दिवस?" असं मिस्त्रींनी विचारलं तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "दिवस मोजू नका. सवय करून घ्या."

शेतातल्या वाटा जिथे डांबरी रस्त्याला मिळतात तिथे मिस्त्रींचं गॅरेज होतं. चार खांबांवर पत्रा, खाली खड्डा, भिंतीला लागून एक टेबल. घर मागेच होतं. सुगी तोंडावर आली होती. सुगीत मळणीची यंत्रं निघतात, धान्याच्या ट्रॉल्या दिवसभर वाटा तुडवतात, आणि धसकटं, दगड, उतारावरचे ब्रेक यांच्यापुढे चाकं हार मानतात. गॅरेज वर्षभर जगायचं ते या हंगामाच्या कामावर.

त्याच आठवड्यात मामा आला. मामा म्हणजे थोरलीच्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं आणि त्याला कुठेही मोकळा पत्रा दिसला की त्याखाली पोती दिसायची. माणूस वाईट नव्हता. येताना बहिणीला साडी, दाजींना खांद्याला लावायचं तेल घेऊन आला होता.

"दाजी, स्पष्ट बोलतो," तो खाटेवर मांडी घालत म्हणाला. "जागा मला द्या. मी गोदाम करतो. तुम्ही बसून भाडं घ्या. पोरीला शहरात आपल्या ओळखीत शिवणाच्या कारखान्यात लावून देतो. पंख्याखाली बसायचं काम. इथं काय, लोखंडाशी कुस्ती!"

"मला शिवण येत नाही," थोरली म्हणाली.

"शिकशील."

"मला चाकं येतात."

"अगं, चाकं येतात, पण ती निघायला तर हवीत! तो टेंपोचा ड्रायव्हर सगळीकडे सांगतोय, मिस्त्रींची पोर पान्यावर उड्या मारते म्हणून."

आई भाकरी थापता थापता थांबली. "ही सुगी होऊ दे," ती भावाला म्हणाली. "सुगीचं काम आमच्या दारात टिकलं तर गॅरेज. नाही टिकलं तर तुझी पोती आण. तोवर विषय नको."

मामाने दाजींकडे बघितलं. दाजींनी मान हलवली. ठरलं.

काम टिकायचं की नाही हे एका माणसाच्या हातात होतं. त्यांच्या सगळ्यात जास्त ट्रॉल्या होत्या आणि त्यांना सगळे घाईवाले म्हणत. चहा ओतायच्या आधी ते प्यायला लागतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. मोठ्या गावात दुसरं एक गॅरेज होतं, तिथे हवेची टाकी होती आणि हवेवर चालणारी गन होती. चाक क्षणात सुटायचं. पण ती टाकी शेतात नेता येत नव्हती. घाईवाल्यांनी गॅरेजसमोर गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवूनच सांगितलं, "जो बांधावर येऊन चाक खोलेल, त्याला हंगाम. नाहीतर मी आपला गावात जातो. मिस्त्री, तुमच्या हाताचं वाईट वाटतं, पण माझं धान्य तुमच्या हातासाठी थांबणार नाही."

"बॅटरीवर चालणारी गन मिळते," थोरली त्या संध्याकाळी म्हणाली. "वायर नाही, हवा नाही. खांद्यावर पिशवी टाकून बांधावर नेता येते."

"खेळणं असेल," मिस्त्री म्हणाले.

"बघून तरी येऊ."

आईने ट्रंक उघडली आणि साठवलेले पैसे फडक्यात बांधून दिले. "चांगली आणा. स्वस्त म्हणून आणलेली चाळणीसुद्धा मला पुरली नाही."

जाताना थोरलीने एक पोतं बरोबर घेतलं. आत जुन्या ट्रॉलीच्या चाकाचा मधला लोखंडी भाग, हब, होता, वर्षानुवर्षं पावसात पडलेला, नटांसकट गंजलेला. बसमध्ये कंडक्टर पोत्याला ठेचकाळला. "काय कोंबडा आहे का आत?" त्याने विचारलं. "मेलेला दिसतोय."

हत्यारांचं दुकान लांबट, अंधारं होतं. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले. दुकानदार लठ्ठ, संथ माणूस होता. मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाले, "चाकं खोलायची बॅटरीची गन. सगळ्यात दांडगी."

दुकानदाराने तीन ठेवल्या. एक मुठीत मावेल एवढी, एक मध्यम, आणि एक मोठी, काळी, जाड नाकाची. मिस्त्रींचा हात सरळ मोठीवर गेला. दुकानदाराने टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात एक नवाकोरा बोल्ट धरला होता. मिस्त्रींनी डाव्या हाताने गन लावली, खटका दाबला. टर्र झालं, नट उडाला. मिस्त्रींचा चेहरा उजळला.

"त्या छोट्या गननेही उडवून बघा," थोरली म्हणाली. छोट्या गननेही नट उडाला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "नव्या नटावर सगळ्याच गना शहाण्या असतात." आणि तिने पोतं उचलून काउंटरवर रिकामं केलं.

गंजाची धूळ उडाली. दुकानदार दोन पावलं मागे सरला. "ताई, हे आम्ही विकलेलं नाही. परत घेणार नाही."

"परत द्यायला नाही आणलं. खोलायला आणलंय."

दुकानदाराला मजा वाटली. त्याने बाही वर केली, हब पायाखाली दाबून धरला. छोटी गन नटावर नुसती कुरकुरली. ती बाजूला झाली. मोठी गन मिस्त्रींनी पुन्हा घेतली. या वेळी झोळीतून उजवा हात काढून त्याचाही आधार दिला. गनने धडाधड ठोके दिले आणि गंजलेला नट सुटला. पण सुटताना गनने जो हिसका दिला तो खांद्यात गेला. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गन हळूच खाली ठेवली.

"लागलं का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. जरा वाकडी धरली गेली."

थोरलीने ऐकलं, पण बापाकडे बघितलं नाही. तिने मोठी गन उचलली आणि दुकानाच्या फरशीवर चक्क उताणी झोपली. डोकं काउंटरखाली, हात वर. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

"अहो ताई, काय करताय?"

"गाडीखाली आहे मी," ती खालून म्हणाली. "थांबा जरा."

तिने गन वर धरून ठेवली. थोड्याच वेळात मनगट थरथरू लागलं, मग कोपर. गनचं नाक खाली झुकलं. "एवढ्या जड गनचा खाटेचा पाय करता येईल," एक गिऱ्हाईक म्हणालं आणि सगळे हसले. थोरलीही हसली, पण उठली नाही. "आता मधली द्या."

मधली तिने धरली आणि धरूनच ठेवली. कोपर बरगडीला टेकवलं तर ती हलतही नव्हती.

मग मधलीच्या तोंडाला एक लांब दांडा आणि घरून आणलेली, नटावर बसणारी गोटी लावून तिने ती हबवर धरली. टर्र, टर्र. नट हलेना.

"बघ!" मिस्त्री म्हणाले. त्या एका शब्दात सगळ्या प्रवासाचा राग होता.

दुकानदाराने गनच्या तोंडाकडे बोट केलं. "ताई, तुम्ही मध्ये तो लांब दांडा लावलाय. ठोका दांड्यातच मुरतो. आणि ती चकचकीत गोटी घरची का? ती हाताच्या पान्याची. गनवर फुटते, तुकडा डोळ्यात जातो. गनला ही काळी, जाड गोटी लागते. थेट लावा."

"हे मला माहीत नव्हतं," थोरली म्हणाली आणि घरची गोटी खिशात टाकली. काळी गोटी थेट लावून तिने खटका दाबला आणि घाई न करता दाबून ठेवला. ठोके पडत राहिले. गंजाची लाल भुकटी खाली सांडली, आणि नट फिरला. दुसरा फिरला. तिसरा तिने कितीही ठोकला तरी फिरला नाही. तो मोठ्या गननेच निघाला.

"मग?" मिस्त्री म्हणाले. "असा नट शेतात भेटला तर?"

"तर पाइप आहे, डिझेल आहे, मी आहे. बाबा, असा नट कधीतरी भेटतो. गन आपण रोज उचलणार. रोजची वस्तू रोज उचलता आली पाहिजे."

"आपण म्हणजे तू."

"हो," ती म्हणाली. "मी."

तिने मधली घेतली, दोन बॅटऱ्या आणि काळ्या गोट्या घेतल्या. बसमध्ये मिस्त्री पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते. गळ्यातली झोळी त्यांनी शर्टच्या आत लपवली होती.

मिस्त्रींनी गनला पुन्हा हात लावला तो घाईवाल्यांच्या रिकाम्या ट्रॉलीवर. हंगामाआधी चाकं तपासून द्यायची होती. थोरली मागच्या बाजूला जॅक लावत होती. घाईवाले नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवून उभे होते.

आता मिस्त्रींची एक सवय सांगायला हवी. त्यांनी आयुष्यात एकही नट डोळ्यांनी आवळला नव्हता. ते कानाने आवळायचे. पाना ओढताना नट पुरा बसला की बारीक आवाज करतो, नव्या चपलेसारखा. "नट बोलला की थांबायचं," असं त्यांनी थोरलीलाही ती पाना धरू लागली तेव्हापासून शिकवलं होतं. त्या दिवशी डाव्या हाताने त्यांनी नट चढवला, गन लावली, खटका दाबला, आणि नट बोलायची वाट बघत राहिले. पण गन एवढी ओरडत होती की तिच्यापुढे नटाचं काय ऐकू येणार? मिस्त्री वाट बघत राहिले. खाट् असा आवाज झाला आणि नटासकट बोल्टचं तुटलेलं टोक जमिनीवर पडलं.

घाईवाल्यांनी ते उचलून तळहातावर ठेवलं. "वा मिस्त्री! ही खोलायची मशीन आणली की तोडायची?"

रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. मिस्त्रींनी गन टेबलावर ठेवली आणि घरात निघून गेले. थोरलीने तुटलेला बोल्ट ठोकून काढला, नवा घातला. "वेळ गेल्याबद्दल माफ करा," ती म्हणाली. घाईवाले म्हणाले, "वेळेचं सोड. भरलेल्या ट्रॉलीवर हे झालं असतं तर? एकदा शेतात बघतो. एकदाच."

दुपारी मिस्त्री जेवले नाहीत. आईने ताट झाकलं. "अहो, यंत्रावर रुसून काय करता? ते काही समजूत घालायला येणार नाही."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही गं."

थोरली दारात उभी होती. ती आत येऊन त्यांच्याजवळ बसली. "बाबा, मलाही आलं नसतं. तिच्याकडून आवळून घ्यायचंच नाही आपण. ती खोलेल. नट टेकेपर्यंत धावत नेईल, तेही सगळ्यात हळू वेगावर. शेवटचं हाताने."

"मग वेळ वाचला कुठं?"

"खोलण्यात. तुमचा खांदा आवळताना नाही गेला, खोलताना गेला."

मिस्त्री उठून बसले. "ताट आण," ते बायकोला म्हणाले.

शेतातलं बोलावणं सुगी सुरू झाल्यावर लगेच आलं. घाईवाल्यांची भरलेली ट्रॉली दोन बांधांमधल्या अरुंद वाटेत टायर फुटून बसली होती. पुढे ट्रॅक्टर, मागे आणखी ट्रॉल्या, त्यांच्यामागे मळणीचं यंत्र. कुणालाच पुढे सरकता येत नव्हतं की मागे. ऊन डोक्यावर होतं. भुसा घामाला चिकटत होता. मजूर ट्रॉलीच्या सावलीत बसले होते आणि घाईवाले वाटेवर येरझारा घालत होते.

थोरली पिशवी खांद्यावर टाकून आली. मागून मिस्त्री, डाव्या हातात फळी घेऊन.

"गावातल्याला फोन केला होता," घाईवाले म्हणाले. "तो म्हणतो, टाकी बांधावर येत नाही. आता तू."

तिने आधी वाकून चाकाखालची माती बघितली. भुसभुशीत होती. मिस्त्रींनी न सांगता फळी पुढे केली आणि तिने ती जॅकखाली सरकवली. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच तिने गन लावली. कोपर बरगडीला. टर्र. पहिला नट सैल झाला. समोरचा. मग त्याच्या बाजूचा. मजूर उठून जवळ आले. एक नट अडला. ती दाबून उभी राहिली, हनुवटीवरून घाम गनवर टपकत राहिला. नट सुटेना. तिने गन खाली ठेवली, डिझेल सोडलं, नटाच्या कडेवर हातोडीने दोन-चार टोले दिले आणि पुन्हा लावली. या वेळी तो सुटला.

"शाबास!" घाईवाले ओरडले. "अशीच बसव आता. टर्र टर्र, की निघालो."

जॅक चढला, फुटलेलं चाक निघालं, स्टेपनी बसली. थोरलीने नट बोटांनी चढवले, गन हळूवर ठेवून टेकवले, आणि जॅक उतरवून गन पिशवीत टाकली. पिशवीची चेन लावली. मग लांब पाना घेतला.

"हे काय?" घाईवाले म्हणाले. "हातात घोडा असून पायी कशाला?"

"घोड्याचं काम झालं."

"अगं, मागे रांग बघ! यंत्राचं भाडं चालू आहे. मार ती गन आणि सोड. मिस्त्री, तुम्ही तरी सांगा हिला!"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री बांधावर टेकले होते. त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली. "मला काय सांगता," ते म्हणाले. "मी एकदा मारली ना गन. तुम्ही बघितली."

एक मजूर खुदकन हसला. घाईवाल्यांनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

थोरलीने एकेक नट समोरासमोरचा धरून आवळला. दर खेपेला डोकं जरा कलतं करून थांबायची. "इंजिन बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"ट्रॅक्टरचं इंजिन. ऐकू येत नाही."

इंजिन बंद झालं. वाटेवर शांतता पसरली. दूर कुठे तरी कुत्रं भुंकलं. घाईवालेसुद्धा कमरेवर हात ठेवून गप्प उभे होते. पाना खाली आला, नट बारीक बोलला, थोरली पुढच्याकडे गेली.

शेवटचा झाल्यावर ती बाजूला झाली. "चला. पण डांबरी रस्त्याला लागलात की थांबा."

"आता आणखी काय?"

"चाक फिरलं, भार बसला, की नट एकदा पुन्हा बघायचे."

ट्रॉली हलली. मागची रांग हलली. थोरली आणि मिस्त्री धुळीतून मागोमाग चालत गेले. त्यांना वाटलं होतं घाईवाले थांबणार नाहीत. पण डांबरी रस्त्याच्या तोंडाशी ट्रॉली उभी होती आणि ड्रायव्हर बिडी ओढत होता. थोरलीने पाना लावला. पहिले सगळे जागच्या जागी होते. एक नट मात्र पान्याबरोबर आणखी थोडा फिरला, आणि मग थांबला.

घाईवाल्यांनी ते बघितलं. ते मागच्या ट्रॉलीजवळ गेले, तिच्या चाकाला पायाने ढकलून बघितलं, आणि तिथूनच ओरडले, "मिस्त्री! उद्यापासून सकाळी निघायच्या आधी सगळ्या ट्रॉल्या दाखवायच्या. किती वाजता येऊ?"

मिस्त्रींनी थोरलीकडे हात केला.

"उजाडल्यावर या," थोरली म्हणाली. "आणि इंजिन बंद करून उभे राहा."

"कठीण आहे," घाईवाले म्हणाले, "पण बघतो."

गॅरेजवर मामा बसला होता. बातमी त्याच्याही आधी पोचली असावी, कारण जागा मोजायला आणलेली फीत त्याने खिशातून बाहेरच काढली नव्हती. आईने त्याच्या हातात चहा दिला होता.

"दाजी, ऐकलं ते खरं?"

"खरं. दुसरी जागा बघा मेव्हणे. ही भरली."

मामाने चहा संपवला. मग जरा ओशाळून म्हणाला, "बरं, माझ्या टेंपोचं मागचं चाक हल्ली जरा डुलतं…"

"लावा सावलीत," थोरली म्हणाली. "हात धुऊन येते."

ती हात धुवायला गेली. मिस्त्रींनी पिशवी टेबलावर ठेवली, डाव्या हाताने चेन उघडली आणि गन बाहेर काढली. तिच्यावरचा भुसा त्यांनी फडक्याने पुसला, फटीतलाही. मग ती डाव्या हातात धरून बघितली, मनगट इकडे तिकडे वळवलं.

थोरली ओले हात झटकत आली.

"कोपर कुठं टेकवायचं म्हणालीस?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने त्यांचं डावं कोपर धरून बरगडीला टेकवलं. गनचं नाक सरळ झालं. "असं," ती म्हणाली. "आणि ओढायचं नाही. नुसतं धरून ठेवायचं. जोर तिचा."

मिस्त्री मामाच्या टेंपोच्या चाकापुढे उकिडवे बसले. थोरलीने गन हळूवर केली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"दाबा," ती म्हणाली.